‘तू नुसते ओठ हलव’ असं ऐकलेल्यांसाठी, समूहात गाण्याविषयी

प्रश्न थोडक्यात असा: “वय सेहेचाळीस. शाळेत समूहगीताच्या तालमीत बाईंनी रांगेतून बाजूला घेऊन सांगितलं होतं, ‘तू नुसते ओठ हलव.’ त्यानंतर चारचौघांत कधी गायलो नाही. आता ओळखीतले काहीजण आठवड्यातून एकदा एकत्र जमून गाणार आहेत, मलाही बोलावताहेत. समूहात गाण्याचे बरेच फायदे वाचायला मिळतात. त्यात खरं किती? आणि माझ्यासारख्या बेसुऱ्या माणसानं जावं का?”

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण मनात तोच जास्त टोचतोय हे दिसतंय. जा. पहिल्याच दिवसापासून जा.

मी गेली तेवीस वर्षं हौशी लोकांचे गायनगट चालवतो. येणारी माणसं गाणं शिकलेली नसतात. कामधंदा, घर, आजारपणं, मुलांच्या परीक्षा सांभाळून आठवड्याचे दीड-दोन तास काढून येतात. प्रत्येक नव्या गटात तुमच्यासारखं काहीतरी ऐकून गप्प झालेलं एकतरी माणूस असतं. कुणाला शिक्षकांनी म्हटलेलं असतं, कुणाला भावंडांनी, कुणाला नवऱ्यानं. तीस-चाळीस वर्षं ते वाक्य घशात अडकून राहतं. आणि त्यातल्या बहुतेकांना सूर असतो.

सूर मुळातच न कळणं ही एक खरी अवस्था आहे. तिला अम्युझिया म्हणतात. इझाबेल पेरेट्झ या संशोधिकेनं 2017 साली प्रसिद्ध केलेल्या मोठ्या पाहणीत तिचं प्रमाण सुमारे 1.5 टक्के आलं, म्हणजे शंभरात एखाददुसरा. अशा माणसाला ओळखीच्या गाण्याची चाल शब्दांशिवाय वाजवून दाखवली तर ओळखता येत नाही, आणि कुणी बेसूर गायलं तर त्याला खटकत नाही. तुम्हाला खटकतं ना? मग तुमचे कान शाबूत आहेत.

मग गाताना चुकतं ते काय? कानानं ऐकलेला स्वर आणि स्वरयंत्रातल्या पट्ट्यांना दिलेला ताण यांचा मेळ बसत नाही. फोर्डरेशर आणि ब्राउन या दोघांनी 2007 मध्ये हेच दाखवलं होतं: स्वरांतला फरक नीट ओळखणारी माणसंसुद्धा गायला लागली की भलत्याच स्वरावर जातात. सायकल कशी चालवतात हे बघून कळतं, पण तोल अंगात उतरायला स्वतः चालवावी लागते, दोनदा पडावं लागतं. ज्या मुलाला शाळेत ओठ हलवायला सांगितलं, त्याच्या हातातून सायकलच काढून घेतली. त्याला तोल यावा कसा? तुमच्या बाईंना कार्यक्रम नीट व्हायला हवा होता, हे मी समजू शकतो. पण त्यासाठी एका मुलाचा आवाज बंद करणं ही फार मोठी किंमत होती, आणि ती तुम्ही एकट्यानं मोजलीत.

एक प्रसंग जवळून सांगतो. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ गटात आले. साठीच्या आसपासचे, बोलण्याचा आवाज भरदार. गाताना मात्र अर्ध्या ओळीत आवाज फाटायचा, मग दचकून खाली यायचे आणि कुठल्या तरी तिसऱ्याच स्वरावर जाऊन बसायचे. शेजारचे मान वळवून बघायचे. चौथ्या तालमीला मला म्हणाले, “सर, मी आपला ऐकायलाच येत जाईन.” त्या दिवशी मी त्यांना तालमीनंतर थांबवून घेतलं. गटात बायका जास्त होत्या, म्हणून आमची पट्टी, म्हणजे गाण्याचा ‘सा’ पेटीच्या ज्या स्वरावर धरायचा तो, काळी पाच होती. मी पेटी मिटली आणि म्हटलं, “जिन्याखाली उभ्या असलेल्या माणसाला हाक मारतो तशी कुणाला तरी हाक मारा, शेवटचं अक्षर लांबवा.” त्यांनी मुलीच्या नावानं हाक मारली. लांबवलेला तो शेवटचा स्वर मी पेटीवर शोधला, तो काळी एकच्या आसपास होता. मग मी स्वतः त्या स्वरावर ‘आ’ लावला आणि म्हटलं, “आता याच्यावर या.” ते आधीपासूनच तिथे होते. तिथून एकेक पायरी वर नेलं. पाच स्वर चढून गेले, एकही डळमळला नाही. थांबले, आणि विचारलं, “हे मीच गातोय?”

दोष होता पट्टीचा. काळी पाचचा षड्ज, म्हणजे ‘सा’, बायकांच्या सप्तकात धरला तर वरचे स्वर त्यांच्या आवाजाला झेपत नव्हते. एक सप्तक खाली उतरलं तर मंद्रातले, म्हणजे ‘सा’च्या खालचे, स्वर हाती लागत नव्हते. या ओढाताणीत माणूस मधेच एखादा स्वर पकडतो, पुष्कळदा पंचमाच्या, म्हणजे ‘प’च्या, नात्यातला, कारण तो कानाला जुळल्यासारखा वाटतो. शेजाऱ्यांना ते बेसूर ऐकू येतं. पुढच्या आठवड्यापासून आम्ही पांढरी चारवर आलो आणि गाणी अशी निवडली की षड्जाच्या खाली फार उतरायचं नाही, वरही फार चढायचं नाही. बायकांना ते थोडं खाली पडतं, पुरुषांना थोडं वर, पण सगळ्यांना गाता येतं. ते गृहस्थ आजही येतात.

हे इतकं लांबण लावून सांगितलं, कारण समूहगानाचे जे काही फायदे आहेत ते तोंडातून आवाज बाहेर पडला तरच मिळतात. पट्टी चुकली की अर्धा गट ओठ हलवायला लागतो.

आता फायद्यांकडे येतो. इतक्या वर्षांनंतर माझं मत असं झालंय की त्यांचं मूळ दोन गोष्टींत आहे. दुसऱ्याचा आवाज ऐकत आपला आवाज लावणं, आणि श्वास वाटून घेणं. बाकीचं सगळं यातून येतं.

ऐकण्याचं आधी. दोन माणसं एकच स्वर लावायला बघताहेत असं समजा. एकाचा लागला 220 हर्ट्झवर, दुसऱ्याचा 223 वर. हे दोन आवाज एकमेकांत मिसळले की सेकंदाला तीन वेळा आवाज फुगतो आणि बसतो. फरक एकवर आला की हा डोल संथ होतो, आणि स्वर जुळले की थांबतो. तंबोरा लावणारा माणूस हाच डोल ऐकत खुंटी पिळतो. माणसाच्या आवाजात मुळातच थोडा कंप असतो, त्यामुळे समूहात तो इतका स्वच्छ ऐकू येत नाही. हवेत एक खरखर आहे एवढंच जाणवतं. तालमीच्या सुरुवातीला मी सगळ्यांना डोळे मिटून, अगदी हलक्या आवाजात एकच स्वर धरायला लावतो. पहिले दहा-पंधरा सेकंद ती खरखर असते. मग कुणीतरी किंचित वर सरकतं, कुणी किंचित खाली येतं, आणि खोली एकदम शांत झाल्यासारखी वाटते, आवाज तेवढाच असूनही. कोण कुणाकडे सरकलं हे विचारलं तर कुणालाच सांगता येत नाही. नवी माणसं त्या क्षणी डोळे उघडतात. मी तेवीस वर्षं हे बघतोय, अजून अंगावर काटा येतो.

माणसाला वाद्याच्या स्वराशी आवाज जुळवण्यापेक्षा माणसाच्या आवाजाशी जुळवणं सोपं जातं. म्हणून ज्याला पेटीवर सूर सापडत नाही त्याला तो शेजाऱ्याच्या आवाजात सापडतो. तुमच्यासारख्यांसाठी एकट्यानं शिकवणी लावण्यापेक्षा समूह ही चांगली सुरुवात आहे असं मी म्हणतो ते यासाठी.

मात्र एक अट आहे. फ्रेंच डॉक्टर एत्येन लोंबार यांनी 1911 साली मांडलं होतं की आजूबाजूला गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो. समूहातही हेच होतं. स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की माणूस थोडं जोरात गातो, मग शेजारचाही, आणि पाच मिनिटांत गाण्याची आरडाओरड होते. मग कुणीच कुणाचं ऐकत नाही, घसा तेवढा दुखतो. आमच्या गटात एकच नियम आहे: शेजाऱ्याचा आवाज ऐकू येत नसेल तर आपण मोठ्यानं गातोय.

आता श्वास. एकटा गाणारा माणूस ओळ संपेपर्यंत श्वास पुरवतो. समूहात याची गरज नसते. लांब स्वर धरायचा असेल तेव्हा प्रत्येकानं वेगवेगळ्या जागी श्वास घ्यायचा, आवाज हळूच काढून घ्यायचा आणि तितक्याच हळू परत मिसळायचा. ऐकणाऱ्याला स्वर तुटलेला कळतच नाही. वीस माणसं मिनिट-दोन मिनिटं सहज एक स्वर अखंड धरून ठेवतात, जे त्यातल्या एकालाही एकट्यानं जमणार नाही.

हे सांगायला सोपं, करायला अवघड. एक ताई होत्या. कितीही सांगितलं तरी दर वेळी श्वास पार संपेपर्यंत स्वर ओढायच्या. चेहरा लाल, मानेच्या शिरा ताठ. मी त्यांच्या समोर जाऊन उभा राहिलो आणि हातानं खूण करत म्हटलं, “तुम्ही थांबा. आम्ही आहोत.” त्या थांबल्या. स्वर चालूच होता. त्यांनी पूर्ण श्वास घेतला, दोन क्षण नुसतं ऐकलं, मग परत मिसळल्या. तालीम संपली तेव्हा त्या रडत होत्या. नंतर कळलं की घरी अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं सगळं त्या एकट्या करत होत्या. आपण थांबलो तरी काहीतरी चालू राहतं, हा अनुभव त्यांना बऱ्याच दिवसांनी आला होता. त्या दिवसापासून हा सराव मी कधी टाळलेला नाही.

श्वासाचा परिणाम मोजताही येतो. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके थोडे वाढतात, सोडताना मंदावतात. मेंदूपासून हृदयापर्यंत आणि पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस नावाच्या मज्जातंतूचं हे काम. गाताना श्वास झटकन आत जातो आणि ओळीच्या लांबीइतका सावकाश बाहेर पडतो, म्हणजे ठोके मंदावण्याचा काळ वाढतो. 2001 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लुचियानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला होता. जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना असो वा मंत्रजप, दोन्हींत श्वासाचा वेग मिनिटाला सुमारे सहावर येतो आणि हृदय-रक्तवाहिन्यांच्या नैसर्गिक लयी त्याच्याशी जुळतात, असं त्यात दिसलं. मग 2013 मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठात ब्यॉर्न विकहॉफ यांनी तरुण मुलामुलींना एकत्र गायला लावून त्यांच्या हृदयाचे ठोके नोंदवले. सगळे मिळून गात असताना ठोके एकाच वेळी वाढत होते आणि एकाच वेळी मंदावत होते. गाण्याची रचना जितकी संथ आणि नियमित, तितका हा मेळ ठळक.

यात काही गूढ शोधायची गरज नाही. ओळ एक, म्हणून श्वास एक, म्हणून ठोक्यांची चढउतार एक. मला हे साधं कारणच फार सुंदर वाटतं. तुमच्या शेजारी बसलेल्या माणसाला तुम्ही ओळखतही नसाल, पण तीन मिनिटं तुमच्या दोघांच्या छातीत तेच चाललेलं असतं.

रोगप्रतिकारशक्तीबद्दल पुष्कळ लिहिलं जातं, तिथे मात्र हात आखडता घ्या. 2004 मध्ये जर्मनीत गुंटर क्रॉइट्झ यांनी एका हौशी गटातल्या 31 गायकांची लाळ तपासली. एकदा ते गायले, एकदा तीच रचना त्यांनी नुसती ऐकली. गायल्यानंतर इम्युनोग्लोब्युलिन ए या संरक्षक प्रथिनाचं प्रमाण वाढलं आणि मनही प्रसन्न झालं. नुसतं ऐकल्यावर यातलं काही झालं नाही. अभ्यास चांगला आहे, पण तासाभरानं लाळेत एक प्रथिन वाढणं आणि वर्षभर सर्दी न होणं यांत मोठं अंतर आहे. गाण्यानं आजार टळतात असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

ताणाबाबतचा पुरावा मला जास्त पटतो, कारण तालमीत तो डोळ्यांनी दिसतो. डेझी फॅनकोर्ट यांनी वेल्समधल्या एका अभ्यासात कर्करुग्ण, त्यांची काळजी घेणारे नातेवाईक आणि ज्यांचं माणूस कर्करोगानं गेलं अशा एकूण 193 जणांच्या तासाभराच्या गाण्याआधी आणि नंतर तपासण्या केल्या. 2016 साली तो प्रसिद्ध झाला. कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक तिन्ही गटांत उतरलं होतं. त्यांचाच त्याआधीच्या वर्षीचा एक छोटा अभ्यास मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. त्यात 15 व्यावसायिक गायक होते. निवांत परिस्थितीत गायल्यावर त्यांचं कॉर्टिसॉल घटलं. मोठ्या मैफलीत, श्रोत्यांसमोर गायल्यावर ते वाढलं. गाणारी माणसं तीच.

हौशी गट चालवणाऱ्या प्रत्येकानं हे भिंतीवर लिहून ठेवावं असं मला वाटतं. गट जमला की सहा महिन्यांत कुणाला तरी कार्यक्रम करावासा वाटतो. मग निवड होते, मग चांगले आवाज पुढे आणि बाकीचे मागे, मग कपडे, मग चिडचिड. ज्या माणसाला त्या तासाची सगळ्यात जास्त गरज असते ते आधी गळतं. कार्यक्रम करू नये असं मी म्हणत नाही. वर्षातून एखादा केला तर तालमीला धार येते, घरच्यांना कौतुक वाटतं. पण समूहगान कार्यक्रमासाठी आहे असं एकदा ठरलं की ते दुसरंच काहीतरी होतं. खरी गोष्ट तालमीच्या खोलीत घडते.

माणसं जोडली जाण्याबद्दल एक निरीक्षण आणि एक अभ्यास. निरीक्षण असं, की नव्या गटात पहिल्या चहाच्या सुट्टीला माणसं भिंतीला टेकून मोबाइल बघत असतात, आणि तिसऱ्या तालमीच्या सुट्टीत त्यांना परत खोलीत आणायला मला टाळ्या वाजवाव्या लागतात. ऑक्सफर्डमधल्या रॉबिन डनबार यांच्या चमूतल्या आयलूनेड पिअर्स यांनी 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रौढांच्या वर्गांवर सात महिने लक्ष ठेवलं. काही वर्ग गाण्याचे, काही हस्तकलेचे, काही लेखनाचे. सात महिन्यांच्या शेवटी सगळ्याच वर्गांतल्या लोकांची आपसांत सारखीच जवळीक झाली होती. गाण्याच्या वर्गात मात्र ती पहिल्याच महिन्यात झाली. म्हणजे दुसऱ्या कशानं जोडली जात नाहीत ती माणसं गाण्यानं जोडली जातात असं नाही. गाणं ओळख होण्याआधीच जवळ आणतं. बोलायला विषय लागतो, धीर लागतो. गायला फक्त शेजारी लागतो. याच मंडळींच्या 2016 च्या अभ्यासात 232 जणांच्या मोठ्या मेळाव्यात, जिथे बहुतेक एकमेकांना अनोळखी होते, तिथेही गायल्यानंतर जवळीक वाढलेली दिसली आणि वेदना सोसण्याची क्षमताही वाढली. त्यावरून शरीरात एंडॉर्फिन हे वेदना कमी करणारं रसायन स्रवत असावं असा ते अंदाज बांधतात.

बाळंतपणानंतरच्या नैराश्यावरचा 2018 चा ब्रिटनमधला अभ्यासही सांगण्यासारखा आहे. 134 मातांपैकी काहींना दहा आठवडे बाळासकट गायनगटात बोलावलं. ज्यांची लक्षणं मध्यम ते तीव्र होती त्या, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत, लवकर सावरायला लागल्या. गाण्याशिवायही पुढेमागे फरक पडला असताच, पण तान्ह्या बाळाच्या आईला सावरायला लागणारे काही आठवडे वाचणं म्हणजे काय हे ज्यानं घरात बघितलंय त्याला वेगळं सांगायला नको.

वयस्कर लोकांच्या बाबतीत 2018 चाच सॅन फ्रान्सिस्कोतला अभ्यास मी लोकांना आवर्जून सांगतो, कारण तो प्रामाणिक आहे. साठीपुढचे 390 लोक, बारा गट. सहा महिन्यांनी बघितलं तर गाणाऱ्यांचा एकटेपणा कमी झाला होता, जगण्यातली गोडी वाढली होती. स्मरणशक्ती, चालणं, तोल यांत मात्र न गाणाऱ्यांच्या तुलनेत ठळक फरक आढळला नाही. आईवडिलांना गटात घालताना लोक मला विचारतात, “यानं विसरभोळेपणा जाईल ना?” मी म्हणतो, त्याची हमी मी देत नाही, पण बुधवारची संध्याकाळ कधी येते याची ते वाट बघायला लागतील.

ज्यांना स्मृतिभ्रंश झालाय त्यांची गोष्ट थोडी वेगळी. हेलसिंकीत टेप्पो सार्कॅमो यांनी सुरुवातीच्या टप्प्यातले रुग्ण आणि त्यांचे काळजीवाहक अशा 89 जोड्यांबरोबर दहा आठवडे काम केलं. गाणं आणि संगीत ऐकणं या दोन्हींनी रुग्णांचं मन हलकं झालं, आणि गाण्यानं अल्पकालीन स्मरणातही मदत झाली. आमच्याकडे एक जोडपं यायचं. आजोबांना बायकोचं नाव आठवायचं नाही, पण ती शेजारी बसून ओळ सुरू करायची आणि ते दुसरी ओळ उचलायचे, शब्द न चुकता. त्या ओळीपुरते ते दोघं पुन्हा नवरा-बायको असायचे. त्या मला म्हणाल्या होत्या, “घरी मी त्यांची नर्स असते, इथे नसते.” पक्षाघातानंतर वाचा गेलेली माणसंही पुष्कळदा गाऊ शकतात, कारण बोलण्याचं काम बहुतेकांत मेंदूच्या डाव्या बाजूला होतं आणि गाण्यात उजवी बाजूही मोठा वाटा उचलते. 1973 पासून या तत्त्वावर एक उपचारपद्धतीच आहे, पण ते काम वाचोपचार तज्ज्ञाचं. गट चालवणाऱ्यानं उपचारक व्हायला जाऊ नये.

फुप्फुसांबद्दल थोडक्यात. श्वास लांबवण्याचा सराव दीर्घकालीन श्वसनविकार असलेल्या काहींना उपयोगी पडतो, दम लागला तरी माणूस घाबरत नाही. औषधं बंद करायची नाहीत आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करायचं नाही.

एक धोका लपवून चालणार नाही. 10 मार्च 2020 रोजी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात स्कॅजिट काउंटीमध्ये एका गायनगटाची अडीच तासांची तालीम झाली. 61 जण हजर होते. त्यांतल्या एकाला लक्षणं होती. पुढे त्या तालमीशी संबंधित 53 जणांना कोविड झाला, दोघं दगावले. ज्या लांब, खोल श्वासाचं मी इतकं कौतुक केलं तोच श्वास आजारही वाटून देतो. म्हणून खिडक्या उघड्या हव्यात, आणि खोकला-ताप असेल त्यानं घरी राहायचं. तालीम चुकली तर अपराधी वाटून घ्यायचं नाही, बाकीचे स्वर धरून ठेवतात.

घशाचंही तसंच. तालमीनंतर आवाज थकला तर हरकत नाही, बसला तर काहीतरी चुकतंय: एकतर पट्टी वर आहे किंवा तुम्ही ओढताय. तीन आठवड्यांहून जास्त दिवस आवाज बसलेला राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

तर तुम्ही जाल तेव्हा असं करा. पुढच्या रांगेत बसू नका आणि अगदी मागेही नको; मधे बसा, म्हणजे दोन्ही बाजूंनी आवाज ऐकू येईल. ज्याचा बोलण्याचा आवाज तुमच्या आवाजासारखा आहे आणि जो शांतपणे, बरं गातो, अशा माणसाशेजारी जागा धरा. पहिली दोन गाणी तोंड मिटून गुणगुणा. ओठांत आणि नाकाच्या हाडाजवळ कंप जाणवला पाहिजे. मग शब्द. आवाज शेजाऱ्याच्या आवाजाखाली ठेवा, त्याच्यावर नको. एखादा स्वर वर पडतोय असं वाटलं तर तो सोडून द्या आणि पुढच्या ओळीला परत या, मधेच श्वास घेण्याइतकंच ते साधं आहे. सुट्टीत गट चालवणाऱ्याला सरळ सांगा, “पट्टी मला वर पडतेय.” यात लाजण्यासारखं काही नाही, चांगला गट चालवणारा हे ऐकायला उत्सुक असतो, कारण तुमच्यासारखे आणखी चारजण न सांगता बसलेले असतात. घरी रोज पाच मिनिटं एकच स्वर धरा. मोबाइलवर तंबोऱ्याचं ॲप मिळतं, आपल्या हाकेच्या स्वराच्या जवळची पट्टी त्यात निवडा आणि हळू आवाजात मिसळा.

निदान सहा तालमी पूर्ण होईपर्यंत आपण गातो कसं हे कुणाला विचारू नका, स्वतःलाही नाही. सातव्या तालमीला डोळे मिटून स्वर धरायचा प्रसंग आला आणि ती खरखर थांबलेली ऐकू आली, तर त्या थांबण्यात तुमचा आवाज असेल. आणि पहिल्याच दिवशी कुणी ‘नुसते ओठ हलवा’ म्हणालं, तर त्याच वेळी उठा आणि दुसरा गट शोधा.